अंगाची आणेवारी

बुधवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मुकुंदने जिल्हा परिषदेचा एक पाठकोरा कागद जमिनीवर पसरला, पट्टीने त्यावर तीन रकाने आखले आणि माथ्यावर 'प्रश्न', 'उत्तर', 'शेरा' असे लिहिले. शिक्षण विभागात चार वर्षे कारकुनी केल्यापासून कोणतेही दुःख रकान्यांत मांडल्याखेरीज त्याला हाताळता येत नसे. शेऱ्याचा रकाना त्याने सवयीने अरुंद ठेवला. आजवर शेऱ्याला तेवढी जागा पुरत आली होती.

प्रश्न पाच होते आणि ते डॉक्टर हत्तुऱ्यांनी सोमवारी घातले होते. वडिलांच्या, म्हणजे कुंडलिकआबांच्या कमरेला, धोतर जिथे आवळले जाते तिथे उजव्या अंगाला जखम होती. तिचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा डॉक्टरांनी तपासायला पाठवला होता. तो कातडीच्या कॅन्सरचा निघाला. गाडी उशिरा येणार असल्याचे सांगावे तशा आवाजात त्यांनी ते सांगितले होते.

"हा नेहमीचा प्रकार आहे. धोतर घट्ट बांधणाऱ्यांत आम्ही बघतो. बहुतेकांचा कापला की संपतो. तुम्ही त्या बहुतेकांत बसता का, तेवढंच ठरवायचंय. घरी बसून नीट आठवा. बुधवारी पाचला या, गुरुवारी कापू. किती कापायचं ते तुमच्या उत्तरांवर."

तेव्हापासून सोलापुरात सात रस्त्यामागच्या मुकुंदच्या दोन खोल्यांत कोणी तो शब्द उच्चारला नव्हता. 'ते' म्हणत. 'ते' दुखते का, 'त्या'ला वारा लागू दे. जणू घरात एक परका पाहुणा उतरला होता आणि त्याचे नाव विचारणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

थोरला हिंदुराव सकाळच्या एस.टी.ने मंगळवेढ्याहून आला होता. डॉक्टरांसाठी त्याने हुरड्याच्या कणसांचे पोते आणले होते. पोते भिंतीला टेकून बसले होते आणि त्याच्या शेजारी आई, सोनाबाई, तशीच टेकून बसली होती. आबा उंबऱ्यात उन्हाला पाठ देऊन होते. पौषातले ऊन त्यांच्या खांद्यावरून आत येऊन कागदाच्या कोपऱ्यावर पडले होते.

"पहिला प्रश्न," मुकुंद म्हणाला, "जखम किती दिवसांची?"

"सा म्हयनं," हिंदुराव म्हणाला.

"दादा, गेल्याच्या गेल्या दिवाळीला मी गावी आलो होतो. तेव्हाच आबा धोतर बदलताना कळवळत होते."

"तवा नुसती खाज हुती. खाज धरायची नस्ती."

"डॉक्टर धरतात."

"तुला आणेवारी म्हाईत हाय का न्हाय? का ती बी इसरलास सोलापुरात येऊन?"

मुकुंदला ती माहीत होती. पीक सोळा आण्यांत मोजायचे, आणि ते सहा आण्यांच्या खाली भरले तरच सरकार दुष्काळ मानते. त्यामुळे पाहणीच्या दिवशी गावात कोणी दहा आणे पिकाला दहा आणे म्हटल्याचे ऐकिवात नव्हते. हिंदुरावाने वीस वर्षे पाच आणे सांगितले होते. खोटे बोलतो असे त्याला एकदाही वाटले नव्हते. कागदापुढे उभे राहण्याची तीच रीत होती, जशी देवळात चपला काढण्याची.

"कागदावर कमी धरायचं," हिंदुराव समजावणीच्या सुरात म्हणाला. "जास्ती लिवलं की जास्ती कापत्यात. रानाचं तसं, माणसाचं बी तसंच."

"पीक माजं हाय," आबा उंबऱ्यातून म्हणाले. "मला इचारा की कुनीतरी."

"तुमी गप बसा आबा. तुमी खरं बोलून बसाल."

"दोन वर्सं," आबा कागदावरच्या उन्हाला म्हणाले.

मुकुंदने क्षणभर विचार केला आणि 'एक वर्ष' असे लिहिले.

दुसऱ्या प्रश्नाला वाव नव्हता. डॉक्टरांनी स्वतः पट्टी लावून जखम साडेतीन सेंटिमीटर मोजली होती. हिंदुरावाने त्यावरही हरकत घेतली. वल्या जखमेवर माप धरायचे नसते, वाळली की ती आखडते, शेतातला चर असाच असतो. तिसरा प्रश्न होता, आधी कोणी कापली होती का. आषाढात मंगळवेढ्याच्या एका कंपाउंडरने ती काढली होती आणि दोन महिन्यांत ती पुन्हा वर आली होती.

"त्येला कापणं म्हनत न्हाईत," हिंदुराव म्हणाला. "खरवडलं."

मुकुंदने 'किरकोळ' असे लिहिले. जांघेत गाठ लागते का, हा चौथा प्रश्न डॉक्टर स्वतःच चाचपणार होते. तो पाचव्याकडे वळला आणि डॉक्टरांचे शब्द त्याने जसेच्या तसे वाचले. "जखमेच्या जागी पूर्वी कधी भाजलं होतं का? जुना डाग, व्रण?"

"न्हाय," हिंदुराव म्हणाला. प्रश्न संपायच्या आधी म्हणाला. "लिव, न्हाय."

मुकुंदने लिहिले. आबांनी पाठ किंचित हलवली, तसे कागदावरचे ऊन सरकले. सोनाबाई उठून पाणी प्यायला गेली. तांब्या भरल्याचा आवाज आला, पण पाणी प्याल्याचा आला नाही.

*

मलमपट्टी यशोदा करीत असे. धाकट्या सुनेने सासऱ्याच्या कमरेला हात लावावा की नाही, यावर पहिल्या दिवशी घरात अर्धा तास खल झाला होता. मग लक्षात आले की दुसऱ्या कोणाचा हात थरथरल्यावाचून राहत नाही. तेव्हापासून रीत अशी होती की आबा भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे आणि भिंतीशी पावसाबद्दल बोलायचे, आणि यशोदा काही न बोलता काम करायची. अकरा दिवसांत भिंतीला पावसाबद्दल पुष्कळ माहिती झाली होती.

पट्टी काढताना तिला प्रत्येक वेळी करदोडा बोटाने वर उचलून धरावा लागे. कमरेचा तो काळा दोरा लहानपणापासून आबांच्या अंगावर होता. जीर्ण झाला की आधी नवा बांधायचा आणि मगच जुना तोडायचा. कमर मोकळी कधी ठेवायची नाही. ती मोकळी होते ती एकदाच, सरणावर. डॉक्टरांनी सोमवारी दोरा काढायला सांगितले, तेव्हा आबा म्हणाले होते, "मी अजून हाय की."

दोऱ्याच्या आणि धोतराच्या घासणीने कमरेभोवती एक फिकट, जाड पट्टा पडला होता. बैलाच्या खांद्याला जुवाचा पडतो तसा. पण अकरा दिवस बघता बघता यशोदाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली होती. दोऱ्याचा वळ आडवा जात होता. जखमेच्या वरून मात्र तीन रेघा उभ्या निघत होत्या, गुळगुळीत, चकाकत्या, एकही केस नसलेल्या. त्या खाली येत आणि जखमेत बुडून जात, नदीत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या.

तिने जुनी पट्टी मोरीवर नेली. सोनाबाई तिथे तांब्या घेऊन उभीच होती.

"आत्याबाई, धोतर माणसाला उभं घासत नाही."

"न्हाय," सोनाबाई म्हणाली.

"तीन रेघा आहेत. बोटभर रुंद."

"लई बारीक नजर हाय तुजी. तुमच्या करकंबच्या पोरी अशाच."

"डॉक्टर म्हणाले होते, भाजलेल्या जागेवर उगवलं असेल तर ते नेहमीचं राहत नाही. मुळं लांब जातात म्हणे. थोडं कापून भागत नाही."

सोनाबाईने तांब्यातले पाणी हळूहळू मोरीत ओतले. सगळे संपेपर्यंत ओतले.

"उलथनं हुतं," ती म्हणाली. "लोकंडाचं. माज्या म्हायेरचं."

सोनाबाईने तांब्या पालथा घातला आणि पदर सारखा केला. "चला," ती म्हणाली, "पाचला बोलावलंय."

*

दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर होता. हिंदुराव पोते खांद्यावर घेऊन पुढे चालला होता आणि मुकुंद कागदाची घडी खिशात घालून त्याच्या बरोबरीने. मागे आबा होते, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन बायका. सुटलेल्या गिरणीचे लोक समोरून सायकलींवर येत होते.

"दादा, पाचव्या प्रश्नाला तू फार घाईने बोललास."

"पोतं जड हाय," हिंदुराव म्हणाला.

"भाजलं होतं का?"

हिंदुरावाने पोते दुसऱ्या खांद्यावर घेतले. त्रेपन्न सालचा दुष्काळ त्याला आठवायची गरज पडत नसे, तो त्याच्या आतच राहत असे, बंद खोलीत ठेवलेल्या औतासारखा. आबा तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि एका सकाळी त्यांची कमर धरली. हजेरीला तीन दिवस माणूस दिसला नाही तर नाव कमी व्हायचे. हिंदुराव पंधरा वर्षांचा होता, सातवीत. मुकुंद पाळण्यात होता आणि रडायलाही त्याच्यात जोर नव्हता. आई चुलीपुढे बसली होती, उलथने निखाऱ्यात होते. 'पाय धर,' आबा म्हणाले होते, 'सोडू नगं.' त्याने पाय धरले होते. तीन डाग झाले आणि आबांनी एकदाही आवाज काढला नाही, फक्त त्यांच्या टाचा त्याच्या छातीला लागल्या. तो वास त्याने पुन्हा कधी घेतला नाही आणि विसरलाही नाही.

तीन दिवस आबांच्या जागी त्याने खडी फोडली. चौथ्या दिवशी आबा उठून कामावर गेले. हिंदुराव शाळेत परत गेला नाही. का गेला नाही हे त्याला कोणी विचारले नव्हते, आणि कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. घरात नंतर ही गोष्ट मुकुंदच्या माघारी, एकाच वाक्यात सांगितली जाई. आईच्या हाताला गुण आहे, त्या डागाने घर तरले.

हे सगळे त्याने सात-आठ वाक्यांत सांगितले. मुकुंदच्या वहाणेचा आवाज थांबला होता.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगून काय? तू रकान्यात लिवशील."

"अरे, पण डॉक्टरांना..."

"डॉक्टरास्नी काय सांगू? माज्या आयनं माज्या बाला भाजलं? जळल्याची केस म्हंजी पंचनामा असतो मुकुंदा. पोलीस येत्यात. आनि पोलीस न्हाय आलं तरी ती बसंल की जल्मभर त्या चुलीम्होरं." त्याने घाम पुसला. "आता सुदीक ती रोज त्याच उलथन्यानं भाकरी उलटती."

मुकुंदने खिशातल्या कागदाला हात लावला. खरे उत्तर लिहिले तर उद्या रुंद कापतील, जांघेतल्या गाठी काढतील, मांडीचे कातडे सोलून कमरेला लावतील. महिनाभर खाट. त्रेसष्ट वर्षांचे शरीर ते सोसेल का, ते कुठल्या रकान्यात लिहायचे? खोट्या उत्तरात आबा आठ दिवसांत घरी येत होते. आपण भ्यालो आहोत हे त्याला स्पष्ट दिसले आणि दिसूनही काही बदलले नाही.

"मग 'नाही'च राहू दे," तो म्हणाला.

दोघे भाऊ कितीतरी वर्षांनी एका मताचे झाले होते. त्या मतात दोघांनाही फार एकटे वाटले.

*

डॉक्टर हत्तुऱ्यांनी पोते पाहिले, ते कोपऱ्यात ठेवायला सांगितले आणि आबांना तपासणीच्या खाटेवर आडवे केले. जांघेत बोटे दाबून पाहिली. डाव्या बाजूला काही नाही, उजव्या बाजूला एक, लहान. ती घट्ट आहे की नुसती सुजलेली, याबद्दल ते काही बोलले नाहीत. मग मुकुंदचा कागद हातात घेऊन त्यांनी तो सावकाश वाचला.

"रकाने छान आखलेत," ते म्हणाले. "एक वर्ष. किरकोळ. भाजलेलं नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आमचं पण शेत आहे बरं का, अक्कलकोटकडं. ज्वारीच."

हिंदुरावाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हे बघा. जखम केवढी, ते पट्टी सांगते. जखम कुठून आली, ते माणसालाच सांगावं लागतं. ती खाली जे होतं ते खाऊन टाकते, मला दिसत नाही. ही दोऱ्यानं, धोतरानं झालेली असेल, तर अर्धं बोट कडा सोडून कापतो, टाके घालतो, आठ दिवसांत घरी. जुन्या भाजल्यावरची असेल, आणि एकदा कापून परत आलेली असेल, तर तसं कापून ती वर्षात पुन्हा येणार. तेव्हा ती कमरेत राहिलेली नसेल. पोटात, फुप्फुसात कुठेही असेल. मग मला काही करता येत नाही." ते थांबले. "कागदावरून मी उद्या लहान कापायचं धरतो. बरोबर?"

"बरोबर," हिंदुराव म्हणाला.

"बरोबर," मुकुंद म्हणाला.

यशोदाने सासूकडे पाहिले नाही. नुसती एक पाऊल सरकून तिला लागून उभी राहिली.

"तीन डाग हायती," सोनाबाई म्हणाली.

"आय!" हिंदुराव म्हणाला.

"गप रं. उबे हायती, हितनं हितपातुर." तिने हवेत बोटाने तीन रेघा ओढल्या. "चोवीस वर्सं झाली. उलथनं लाल करून म्या दिलं. माज्या हातानं. कुनाचं नाव घिऊ नगासा." तिचा आवाज भाजी निवडताना असतो तसाच होता. "पोलीस बोलवायचं आसलं तर बोलवा. पन उद्या मोटं कापा."

डॉक्टरांनी पेन काढले. पाचव्या प्रश्नापुढचे 'नाही' खोडले आणि 'होय, चोवीस वर्षे' असे लिहिले. मग वर जाऊन 'किरकोळ' खोडले. "पोलीस कशाला," ते लिहिता लिहिता म्हणाले. "आमच्या आईनं माझ्या पोटावर दिलेत चार. कावीळ झाली होती म्हणून."

"गेली का?" आबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारले.

"कावीळ? ती आपली आपण जाते."

आबा हाताच्या आधाराने उठून बसले आणि सोनाबाईकडे वळले. एवढ्या माणसांत त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिल्याचे मुकुंदला आठवत नव्हते.

"ए," ते म्हणाले, "त्यो डाग म्या मागितला हुता. आनि चोवीस वर्सं त्याच्यावर जेवलो आपन. त्येचं काय ते सांग की डॉक्टरास्नी."

सोनाबाईने पदर तोंडाला लावला. हुंदका आला नाही. हिंदुराव खिडकीशी जाऊन सात रस्त्याची वाहने मोजू लागला.

"आता तो दोरा," डॉक्टर म्हणाले. "आज काढावा लागेल."

"करदोडा मेल्यावर तोडत्यात."

"जिवंत राहायचं तर आधी तोडावा लागेल आबा. त्याला माझा इलाज नाही."

मग सोनाबाई पुढे आली. पदराच्या कडेची एक लांब दशी तिने दाताने तोडली, दोन बोटांत पिळून तिचा दोरा केला आणि आबांचा उजवा हात ओढून मनगटाला बांधला. दोन गाठी मारल्या.

"नवा बांदल्याबिगर जुना तोडायचा नस्तो," ती डॉक्टरांना म्हणाली. "हितं चालंल का?"

"मनगट मला लागत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कात्री पुढे केली.

ती सोनाबाईने घेतली. यशोदाने नेहमीसारखे बोट घालून करदोडा वर उचलून धरला आणि सोनाबाईने तो कापला. काळा दोरा खाटेवर पडला. कमरेवर राहिली ती एक बारीक फिकट रेघ, जिच्यावर साठ वर्षांत ऊन पडले नव्हते. मुकुंदला वाटले, आबांच्या अंगावर एवढीच जागा मूल राहिली आहे. हे शेऱ्यात लिहिण्यासारखे नव्हते, आणि रकानाही अरुंद होता.

निघताना हिंदुराव दारात थांबला. बाकीचे पायऱ्या उतरले होते.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू? वाईट वाटून घिऊ नगासा." त्याने टोपी काढून हातात घेतली. "आबांचं सोळा आन्यांत किती आनं?"

डॉक्टर हात धूत होते. साबणाचा फेस त्यांनी मनगटापर्यंत नेला आणि बराच वेळ चोळला.

"सात," ते म्हणाले.

हिंदुरावाने मान हलवली. सहाच्या वर होते. तरी तो गेला नाही.

"खरं सांगताय, का कमी धरून?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. कोपऱ्यातल्या पोत्याकडे एकदा पाहिले.

"कमी धरून," ते म्हणाले.